व्हिमियम, ट्रायडॅक्टिल, क्यूटब्राउझर: कीबोर्डचे आदेश मध्येच चालेनासे होतात तेव्हा

व्हिमसारख्या, सगळे काम कीबोर्डच्या आदेशांनी करणाऱ्या मजकूर-संपादकाची बोटांना सवय झाली की ब्राउझरमध्येही तेच आदेश हवेसे वाटतात. व्हिमियम, ट्रायडॅक्टिल किंवा सर्फिंगकीज यांपैकी एखादे एक्स्टेन्शन बसवल्यावर 'जे' आणि 'के' या कळांनी पान खाली-वर सरकवणे, 'एफ' दाबून दुव्यांवर उमटलेल्या अक्षरांच्या आधारे हवा तो दुवा उघडणे या गोष्टी लवकरच अंगवळणी पडतात. त्यानंतर बहुतेकांची एकच तक्रार सुरू होते, ती म्हणजे आदेश मध्येच चालेनासे होतात. सकाळी चालत होते ते दुपारी चालत नाहीत. एका टॅबमध्ये चालतात, शेजारच्या टॅबमध्ये नाहीत. मग एक्स्टेन्शन काढून पुन्हा बसवले जाते, थोडा वेळ सगळे सुरळीत होते आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

पुन्हा बसवल्याने काही काळ बरे वाटते, कारण त्या खटाटोपात टॅब नव्याने लोड होतात, फोकस (म्हणजे दाबलेली कळ ज्या जागेला मिळते ती जागा) पानावर परत येतो आणि एखादी चुकीची सेटिंग पुसली जाते. तिच्याबरोबर मेहनतीने लिहिलेली आपली मॅपिंगे, म्हणजे कोणत्या कळीने काय व्हावे याचे नियमही जातात, हे मात्र नंतर लक्षात येते. अशा तक्रारींमध्ये एक्स्टेन्शन खरोखर बिघडलेले असण्याचे प्रसंग थोडेच असतात. बहुतेक वेळा दाबलेली कळ त्याच्यापर्यंत पोचलेलीच नसते, किंवा पोचते ती वेगळ्याच रूपात. त्यामुळे काहीही काढण्याआधी कळ वाटेत कोणाच्या हाती लागली, एवढेच शोधावे.

ही वाट समजून घेण्यासारखी आहे. कळ दाबल्यावर ती आधी ऑपरेटिंग सिस्टिमकडे जाते आणि तिथे निवडलेल्या कीबोर्ड लेआउटनुसार तिचे अक्षर ठरते. मग ती ब्राउझरच्या खिडकीकडे येते. अ‍ॅड्रेस बारमध्ये कर्सर असेल तर तिचा प्रवास तिथेच संपतो. फोकस पानावर असेल तरच ती पानाला मिळते, आणि पानात दुसऱ्या संकेतस्थळाची चौकट बसवलेली असून फोकस त्या चौकटीत असेल तर ती त्या चौकटीला मिळते. एक्स्टेन्शनची स्क्रिप्ट ब्राउझरवर नव्हे तर पानाच्या आत चालते. पान लोड होऊ लागताच ती तिथे हजर होते आणि पानाच्या स्वतःच्या स्क्रिप्टच्या आधी कळ पाहण्याची सोय करून ठेवते. जिथे तिला शिरताच येत नाही, तिथे तिचा इलाज चालत नाही.

तपासणीची सुरुवात एकाच कृतीने करावी. ज्या पानावर अडचण येते तिथे 'जे' एकदाच दाबून नेमके काय होते ते पाहावे. काहीच होत नाही, कुठेतरी अक्षर उमटते, किंवा भलतेच काही घडते, अशा तीन शक्यता असतात आणि प्रत्येकीची कारणे वेगळी आहेत. आपल्याकडे चौथी एक शक्यता असते, देवनागरी लेआउट चालू राहण्याची. तिच्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे.

काहीच होत नसेल तर

पहिला संशय अ‍ॅड्रेस बारवर घ्यावा. कंट्रोल-टी ने नवा टॅब उघडला की कर्सर त्या पट्टीत जाऊन बसतो आणि एक्स्टेन्शनला तिथले काही दिसत नाही. क्रोम आणि फायरफॉक्स या दोन्हींत एफ-६ या कळीने फोकस ब्राउझरच्या एका भागातून दुसऱ्या भागात फिरवता येतो. पट्टीतून पानावर यायला ती पुरते, क्वचित दोन-तीनदा दाबावी लागते. माझ्या मते याहून चांगला उपाय म्हणजे पट्टीत जाण्याची सवयच कमी करणे. व्हिमियममध्ये 'ओ' दाबल्यावर पानावरच शोधपट्टी उघडते, आणि 'शिफ्ट-ओ' ने तीच पट्टी निकाल नव्या टॅबमध्ये उघडण्यासाठी मिळते. पत्ता, इतिहास आणि बुकमार्क या तिन्हींतला शोध तिथूनच होतो आणि फोकस पान सोडून कुठे जात नाही.

दुसरे कारण म्हणजे ते पान एक्स्टेन्शनसाठी बंद असणे. ब्राउझरची सेटिंगची पाने, क्रोमचे वेब स्टोअर, फायरफॉक्सच्या अ‍ॅड-ऑनचे अधिकृत संकेतस्थळ, फायरफॉक्सचे वाचन-दृश्य, पानाचा स्रोत दाखवणारी खिडकी आणि पीडीएफ दाखवणारा अंगभूत दर्शक या ठिकाणी 'जे' निमूटपणे वाया जाते. "संकेतस्थळ सापडले नाही" असे सांगणारे पान हेही ब्राउझरचे स्वतःचे पान असते. इंटरनेट क्षणभर गेले आणि दहा टॅब एकदम मुके झाले, तर त्यामागे हेच कारण असते. ही बंदी सुरक्षेसाठी आहे, कारण स्टोअरच्या पानावर स्क्रिप्ट चालवू शकणारे एक्स्टेन्शन वापरणाऱ्याच्या नकळत दुसरे एक्स्टेन्शन बसवू शकले असते. फायरफॉक्समध्ये खोलातली एक सेटिंग बदलून प्रतिबंधित संकेतस्थळांची यादी रिकामी करता येते आणि ट्रायडॅक्टिल वापरणारे काही जण तसे करतातही. पण दोन-चार पानांवर 'जे' चालावे एवढ्यासाठी ते संरक्षण काढून टाकणे मला शहाणपणाचे वाटत नाही. अशा पानांवर कंट्रोल-टॅब, आल्ट आणि डावा बाण, स्पेस, पेज-डाउन या ब्राउझरच्या स्वतःच्या कळा चालतात. त्यांच्यावर वेळ निभावून न्यावी.

जुने वापरकर्ते इथे हमखास म्हणतात की पूर्वी हे सगळीकडे चालत असे. ते खरे आहे. २००७ मध्ये आलेले व्हिम्परेटर आणि त्यातून पुढे निघालेले पेंटाडॅक्टिल ही फायरफॉक्सच्या अंतर्भागातच मिसळून जाणारी एक्स्टेन्शने होती. ती अ‍ॅड्रेस बार काढून टाकून त्या जागी स्वतःची आदेशपट्टी बसवू शकत होती. नोव्हेंबर २०१७ मध्ये फायरफॉक्सची ५७ वी आवृत्ती आली, जुन्या घडणीची एक्स्टेन्शने बंद झाली आणि नव्या घडणीत प्रत्येक एक्स्टेन्शनला पानापुरतीच मोकळीक उरली. ज्यांना ही मर्यादा सहनच होत नाही त्यांनी क्यूटब्राउझर वापरून पाहावा. त्यात आदेश ओळखण्याचे काम ब्राउझर स्वतःच करतो, त्यामुळे बंदी असलेल्या पानांचा प्रश्न उद्भवत नाही.

तिसरे कारण परवानगीचे. क्रोमच्या इन्कॉग्निटो खिडकीत आणि फायरफॉक्सच्या खासगी खिडकीत एक्स्टेन्शन आपोआप चालत नाही. त्याच्या तपशिलाच्या पानावर ती परवानगी वेगळी द्यावी लागते. आपल्या डिस्कवरची फाइल क्रोममध्ये उघडली असेल तर स्थानिक फाइलींसाठीचा आणखी एक पर्याय तिथेच असतो. शिवाय एक्स्टेन्शन नुकतेच बसवले असेल किंवा अद्ययावत झाले असेल, तर आधीपासून उघडे असलेले टॅब एकदा रिलोड करावेत.

चौथे कारण वगळणीच्या नियमाचे आहे, आणि यात भलेभले फसतात. व्हिमियममध्ये विशिष्ट पत्त्यांवर आदेश बंद ठेवण्याची सोय आहे, आणि जीमेलसाठीचा असा एक नियम त्यात आधीपासूनच लिहिलेला असतो. जीमेलचे स्वतःचे कीबोर्ड आदेश असल्यामुळे त्यांच्याशी टक्कर होऊ नये, हा त्यामागचा हेतू. "फक्त जीमेलवर चालत नाही" अशी तक्रार असेल तर दुसरे काही शोधण्याची गरज नाही. एक्स्टेन्शनचे चिन्ह राखाडी दिसत असेल तर ते या पानावर निष्क्रिय आहे, असे समजावे आणि त्याच चिन्हावर टिचकी मारून नियम बदलावा.

शेवटी मोड, म्हणजे एक्स्टेन्शन सध्या कोणत्या अवस्थेत आहे, ते पाहावे. व्हिमियममध्ये 'आय' दाबले गेले की इन्सर्ट मोड सुरू होतो आणि एस्केप दाबेपर्यंत सगळ्या कळा थेट पानाला मिळतात. ट्रायडॅक्टिलमध्ये शिफ्ट-इन्सर्टने इग्नोर मोड चालू होतो आणि त्याच जोडीने बंद होतो. कोपऱ्यातली मोड सांगणारी खूण पाहिली की उलगडा होतो. क्यूटब्राउझरमध्ये कंट्रोल-व्ही दाबल्यावर सगळ्या कळा पानाकडे जाऊ लागतात, आणि साधे एस्केप हीसुद्धा पानाकडेच जाणारी कळ असल्यामुळे त्या अवस्थेतून बाहेर पडायला शिफ्ट-एस्केप लागते. हे माहीत नसलेला माणूस एस्केप बडवत बसतो.

अक्षर उमटत असेल तर

अनेक संकेतस्थळे पान उघडताच कर्सर स्वतःच्या शोधचौकटीत नेऊन ठेवतात. मग 'जे जे जे' दाबल्यावर पान सरकण्याऐवजी चौकटीत तीच तीन अक्षरे दिसतात. एस्केप एकदा दाबले की चौकटीतला फोकस निघतो आणि आदेश चालू होतात. हे रोजचेच झाले असेल तर व्हिमियमच्या सेटिंगमध्ये पान लोड होताना फोकस बळकावू न देण्याचा पर्याय आहे, तो चालू करावा. ट्रायडॅक्टिलमध्ये 'अलाऊऑटोफोकस' ही सेटिंग 'फॉल्स' करावी. शोधचौकटीत जायचेच असेल तेव्हा 'जीआय' आहेच. मात्र हा पर्याय पान उघडण्याच्या वेळेपुरता आहे. काही वेळाने कोपऱ्यातून गप्पांची खिडकी उघडून ती फोकस ओढून घेत असेल, तर एस्केपला पर्याय नाही.

याच एस्केपची एक उलट अडचण आहे. वेबवरच्या काही कोड-संपादकांना आणि ज्युपिटर नोटबुकला एस्केप स्वतःच्या कामासाठी हवे असते. नोटबुकमध्ये त्याने लेखनाच्या अवस्थेतून आदेशाच्या अवस्थेत जाता येते आणि तिथेही 'जे' व 'के' यांना स्वतःचा अर्थ आहे. एक्स्टेन्शन मधल्या मध्ये एस्केप पकडते, चौकटीतला फोकस काढून टाकते आणि दोन्हीकडचे काम बिघडते. अशा पत्त्यावर एकेक कळ सोडवत बसण्यापेक्षा एक्स्टेन्शन पूर्णच बंद ठेवावे.

भलतेच घडत असेल तर

टॅब आपोआप बदलत असतील तर आधी कॅप्स लॉक पाहावा. व्हिमियममध्ये लहान 'जे' पान सरकवते, तर मोठे 'जे' डावीकडच्या टॅबवर नेते; लहान 'एक्स' टॅब बंद करते, तर मोठे 'एक्स' बंद केलेला टॅब परत आणते. कॅप्स लॉक चालू असताना सगळेच उलटेपालटे होते आणि माणसाला वाटते की मॅपिंग बिघडले.

संकेतस्थळाचे स्वतःचे आदेश हे यातले सगळ्यात मोठे प्रकरण. यूट्यूबवर 'के' ने व्हिडिओ थांबतो, 'जे' आणि 'एल' ने तो दहा सेकंद मागे-पुढे जातो, 'एफ' ने पूर्ण पडदा व्यापतो. व्हिमियम चालू असताना या चारही कळा त्याच्याच हाती लागतात. उपाय म्हणून वगळणीच्या नियमात पूर्ण संकेतस्थळ न वगळता, फक्त पानाला सोडून द्यायच्या कळा लिहाव्यात. 'जे', 'के' आणि 'एल' सोडून द्यायला हरकत नाही, कारण पान सरकवायला अर्ध्या पानाच्या उडीचे 'डी' आणि 'यू' शिल्लक राहतात. 'एफ' मात्र मी सोडणार नाही. दुवे उघडण्याचा मुख्य मार्ग तोच आहे आणि पूर्ण पडद्यासाठी व्हिडिओवर दोनदा टिचकी मारणे फारसे अवघड नाही. अमुक संकेतस्थळावर आपल्याला खरोखर काय करायचे असते, यावरून हा हिशेब प्रत्येकाने आपापला करावा.

कधी याच्या उलट होते: आपण चौकटीत लिहीत असतो आणि अक्षरे उमटण्याऐवजी आदेश चालू लागतात, पान उड्या मारते, टॅब बंद होतो. काही संकेतस्थळांची लेखनाची चौकट अशा आवरणात बांधलेली असते की बाहेरच्या स्क्रिप्टला आत लेखनाची जागा आहे हेच कळत नाही. तिथे लिहिण्यापूर्वी 'आय' दाबून इन्सर्ट मोड सुरू करावा.

पानाऐवजी एखादी बाजूची पट्टीच सरकत असेल तर फोकस पानातल्या आतल्या चौकटीत अडकला आहे. व्हिमियममध्ये 'जीएफ' ने चौकटींमधून फिरता येते आणि जी-नंतर मोठे 'एफ' दाबले की मुख्य चौकटीवर परत येता येते. फायरफॉक्समध्ये अक्षर दाबताच तळाशी शोधपट्टी उघडत असेल, तर "टंकायला लागताच मजकूर शोधा" हा ब्राउझरचा पर्याय बंद करावा. एफ-७ चुकून दाबले गेले असेल तर मजकुरात लुकलुकणारा कर्सर दिसू लागतो. तीच कळ पुन्हा दाबून तो घालवावा. आणि एकाच ब्राउझरमध्ये व्हिमियम व सर्फिंगकीज दोन्ही चालू ठेवू नयेत, कारण दोघेही त्याच कळांवर टपलेले असतात आणि पान दुप्पट सरकण्यापासून काहीही होऊ शकते.

स्वतः लिहिलेले मॅपिंग चालत नसेल तर त्यात कंट्रोल-टी, कंट्रोल-एन किंवा कंट्रोल-डब्ल्यू तर नाही ना, हे पाहावे. या जोड्या ब्राउझर स्वतःसाठी राखून ठेवतो.

देवनागरी लेआउट चालू राहिला असेल तर

मराठीत लिहिणाऱ्यांच्या बाबतीत, अधूनमधून येणाऱ्या या दोषाचे मूळ बहुधा इथे असते. एखाद्या चौकटीत मराठीत काही लिहिले, पाठवले, एस्केप दाबले, पानावर आलो आणि 'जे' मुके. लेआउट इंग्रजीवर परत आणायचे राहिले, हे पटकन ध्यानात येत नाही, कारण पडद्यावर कोणतेच अक्षर उमटत नाही.

इनस्क्रिप्ट लेआउटवर 'जे' ची कळ 'र' देते, 'के' ची 'क', 'एच' ची 'प', 'एल' ची 'त'. 'एफ' दाबले तर ऱ्हस्व वेलांटी मिळते आणि 'डी' दाबले तर हलन्त. शोधासाठीची '/' ही कळ 'य' होते, तर पानाच्या तळाशी नेणारे मोठे 'जी' होते 'उ'. प्रत्येक कळीबरोबर ब्राउझर दोन गोष्टी कळवतो: तिच्यामुळे कोणते अक्षर मिळाले, आणि कीबोर्डवरची ती कळ नेमकी कोणती. एक्स्टेन्शने सहसा पहिली गोष्ट पाहतात, कारण ड्व्होराकसारखा वेगळ्या रचनेचा कीबोर्ड वापरणाऱ्यांना तेच सोयीचे असते. 'र' नावाचा आदेशच अस्तित्वात नाही, म्हणून एक्स्टेन्शन गप्प राहते.

व्हिमियमच्या सेटिंगमध्ये 'इग्नोर कीबोर्ड लेआउट' हा पर्याय आहे. तो चालू केला की अक्षर न पाहता कळीची जागा पाहिली जाते आणि इंग्रजी क्वर्टी कीबोर्डवर त्या जागी जे असते ते धरले जाते. दुव्यांवर उमटणारी अक्षरेही मग देवनागरी लेआउटवरून टंकता येतात. यामुळे मराठीत शोध घेता येणार नाही अशी शंका काही जणांना येते, ती निराधार आहे. '/' दाबल्यावर उघडणारी पट्टी ही खरी लेखनाची चौकट असते आणि तिच्यात निवडलेल्या लेआउटनुसारच अक्षरे उमटतात. त्यामुळे लेआउट न बदलता '/' च्या कळीने शोध उघडावा आणि थेट 'निवडणूक' असे टंकावे. ट्रायडॅक्टिलमध्ये याच कामासाठी 'कीबोर्डलेआउटफोर्स' ही सेटिंग 'ट्रू' करावी. क्यूटब्राउझरमध्ये 'बाइंडिंग्ज.की_मॅपिंग्ज' या सेटिंगमध्ये 'र' म्हणजे 'जे', 'क' म्हणजे 'के' अशी यादी हाताने द्यावी लागते. ती एकदाच लिहायची असते, पण शिफ्टसह मिळणारी अक्षरेही तिच्यात घालायला विसरू नये.

रोमन अक्षरे टंकून देवनागरी मिळवून देणाऱ्या फोनेटिक साधनांचा त्रास तुलनेने कमी होतो, कारण त्यांपैकी बरीचशी लेखनाच्या चौकटीतच जागी होतात. विंडोजवर प्रत्येक अ‍ॅपच्या खिडकीसाठी वेगळी इनपुट पद्धत लक्षात ठेवण्याचा पर्याय कीबोर्डच्या प्रगत सेटिंगमध्ये आहे. संपादकात मराठी आणि ब्राउझरमध्ये इंग्रजी असे काम करणाऱ्यांना तो उपयोगी पडतो. टॅबनुसार मात्र तो वेगळी निवड ठेवत नाही, त्यामुळे ब्राउझरमध्येच मराठी लिहिणाऱ्याने त्यावर विसंबून राहू नये.

एवढे सगळे पाहूनही दोष राहिला तर ब्राउझरचे नवे प्रोफाइल बनवून त्यात हे एकच एक्स्टेन्शन बसवावे आणि तेच पान उघडून पाहावे. तिथे आदेश चालले तर जुन्या प्रोफाइलमधले दुसरे एखादे एक्स्टेन्शन किंवा आपलेच मॅपिंग आडवे येत आहे. आधी मॅपिंगांच्या सगळ्या ओळींची सुरुवात '#' ने करून त्या तात्पुरत्या निष्क्रिय कराव्यात, मग इतर एक्स्टेन्शने एकेक करून बंद करत जावे. नव्या प्रोफाइलमध्येही चालले नाही तर दोष त्या पानाचा किंवा एक्स्टेन्शनचा आहे. तो कळवताना पानाचा पत्ता, ब्राउझरची आवृत्ती, निवडलेला कीबोर्ड लेआउट आणि एकदाच 'जे' दाबल्यावर काय झाले, एवढे लिहावे. आणि तरीही काढून पुन्हा बसवायचेच ठरले, तर व्हिमियमच्या सेटिंगच्या पानावर खाली बॅकअपची सोय आहे, तिथून मॅपिंगे आणि वगळणीचे नियम आधी फाइलमध्ये उतरवून घ्यावेत.